लॅव्हेंडर आणि बोअरचं खारट पाणी: कमी वेळा द्या, पण भरभरून द्या

लॅव्हेंडरचं रोप घेताना नर्सरीवाला हमखास सांगतो, "ताई, याला पाणी अगदी कमी लागतं." ते खरंच आहे. पण ज्यांच्या नळाला बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, त्यांनी एवढंच ऐकून रोज पेलाभर पाणी घालायला सुरुवात केली, तर मे महिना संपायच्या आत रोप वाळतं. मग घरात सगळे म्हणतात, ऊन लागलं. बहुतेक वेळा ऊन लागलेलं नसतं, मुळाशी मीठ साठलेलं असतं.

मी पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूला राहते. पावसाळा सोडला तर आमच्याकडे बोअर आणि टँकर. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. तिकडे उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी दिलं गेलं, निचऱ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि जमिनीखालचं पाणी हळूहळू वर येत गेलं. उन्हाळ्यात त्या रानांवर पांढरी मीठफुटी दिसते. त्यामुळे एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे: मीठ पाण्याबरोबर हलतं. पाणी वरून उडून गेलं की मीठ वर राहतं, पाणी खालून वाहून गेलं की मीठही जातं. गच्चीवरच्या कुंडीतही नेमकं हेच चालतं.

रोप तहान कशी काढतं

दातेरी पानाच्या लॅव्हेंडरचं एक पान तोडून भिंगाखाली धरा. पान अरुंद असतं आणि त्याच्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतात. खालच्या अंगाला फांद्या फुटलेल्या बारीक केसांचं दाट पांढुरकं आवरण दिसतं. हवा आत-बाहेर करणारी पर्णरंध्रं बहुतेक याच बाजूला, त्या केसांच्या आडोशाला असतात. केसांमध्ये ओलसर हवा अडून राहते, म्हणून गरम वाऱ्यातही पान भराभर सुकत नाही. रोपाला दिसणारी राखाडी झाकही या केसांचीच, आणि ती ऊन परतवते. केसांच्या मध्ये अधूनमधून चकाकणारे गोल ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. बोटाने चोळलं की त्या फुटतात आणि वास येतो.

हे झालं बाहेरचं. आत काय चालतं तर पाणी कमी पडलं की रोप पर्णरंध्रं मिटतं, नवी पानं लहान काढतं, खालची जुनी पानं सोडून देतं आणि मुळं खोल पाठवतं. शिवाय पेशींमध्ये प्रोलीन, साखर असले विरघळणारे पदार्थ वाढवतं, म्हणजे कोरड्या मातीतूनही पाणी ओढून घेता येतं. या सगळ्याला वेळ लागतो. नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली, रोज पाणी पिऊन वाढलेलं रोप घरी आणल्या दिवसापासून कोरडं ठेवलं तर ते मरतं, कारण त्याच्याकडे ना तेवढी मुळं असतात ना तेवढी केसाळ पानं. पहिला महिना-दीड महिना नेमाने पाणी द्या आणि मग दोन पाण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्या.

मीठ आलं की काय होतं

काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. माती खारट झाली की मुळांची तशीच अडचण होते: माती ओली असते, पण त्या ओलाव्यातलं पाणी मुळांना ओढता येत नाही. हा पहिला टप्पा, आणि तो लगेच जाणवतो. वाढ थांबते, रोप तहानलेलं दिसतं. दुसरा टप्पा सावकाश येतो. सोडियम आणि क्लोराइड मुळांतून वर चढतात, जुन्या पानांत साठत जातात आणि साठा हाताबाहेर गेला की पान टोकाकडून करपतं. खारट मातीतल्या वाढीचे हे दोन टप्पे ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञ रॅना मन्स यांनी नीट उलगडून मांडले, आणि कुंडीतल्या रोपाचा आजार ओळखताना मला त्याचा फार उपयोग होतो.

लॅव्हेंडर पहिल्या टप्प्यात बऱ्यापैकी तग धरतं, कारण दुष्काळासाठी जमवलेली हत्यारंच इथे कामी येतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, दगडाळ, चुनखडीच्या टेकड्या हे त्याचं मूळ घर. तिथली माती कोरडी असते, चुना भरपूर असतो, पण पाणी मुळाशी थांबत नाही. दुसऱ्या टप्प्यात मात्र त्याची ताकद अपुरी पडते. खारफुटीच्या काही झाडांसारखं पानातून मीठ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. सोडियम मुळांमध्येच अडवायचा, पोटॅशियम धरून ठेवायचं आणि न जमल्यास जुनी पानं टाकायची, एवढंच त्याच्या हातात असतं. पुढचं काम आपलं, ते म्हणजे मीठ मुळापाशी साठूच न देणं.

आधी पाणी ओळखा

पाण्याच्या फिल्टरसाठी घेतलेला टीडीएस मीटर घरात असेल तर तो वापरा. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज दाखवतो. माती-पाणी तपासणीच्या अहवालात विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, लिहिलेली असते. ईसी १ (डेसिसीमेन्स प्रति मीटर) म्हणजे ढोबळमानाने ६४० टीडीएस. अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये ठरवलेल्या वर्गवारीत ०.७५ ते २.२५ ईसीचं पाणी 'जास्त क्षारांचं' धरलं आहे. ती वर्गवारी आपल्याकडे आजही वापरतात. म्हणजे टीडीएस साधारण ४८० ते १४४०. पुण्याच्या आसपास बोअरचं पाणी असलेल्या पुष्कळ घरांना हे आकडे ओळखीचे वाटतील.

पण नुसत्या टीडीएसवर जाऊ नका, कारण मीटरला कॅल्शियम आणि सोडियम यांतला फरक कळत नाही. लॅव्हेंडरसाठी मात्र तो जीवनमरणाचा फरक आहे. साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या पातेल्यात पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल भरते, ते पाणी जड. त्यात मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. चुनखडीवर वाढणाऱ्या रोपाला त्याचं एवढं वावडं नाही. सामू, म्हणजे पीएच, साडेसहा ते आठपर्यंत असला तरी ते निभावून नेतं. याउलट पाणी चवीला मचूळ-खारट, साबणाचा फेस मात्र भरपूर, तर सोडियमचा संशय घ्या.

इथे सोसायटीत राहणाऱ्यांना कळकळीने सांगते. इमारतीला वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्याचं पाणी झाडांना घालू नका. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. त्यासाठीच तर त्यात मिठाच्या गोण्या ओततात. नळ चकचकीत राहतात, पण कुंडीतली माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होत जाते. सॉफ्टनरच्या आधीचा एखादा नळ बहुतेक इमारतींत असतो. तो कुठे आहे ते प्लंबरला विचारा.

आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तेच. पाणी वाया जाऊ नये ही भावना मला मान्य आहे, पण हिशेब करून पाहा. ९०० टीडीएसच्या तीन लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध निघालं, तर जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या दोन लिटरमध्ये राहतात आणि त्याचा टीडीएस १३०० च्या वर जातो. ते लादी पुसायला, संडासात ओतायला वापरा. लॅव्हेंडरला नको.

आता रोजच्या घोटभर पाण्याचा हिशेब. ९०० टीडीएसच्या एका लिटरमध्ये ०.९ ग्रॅम क्षार असतात. दिवसाआड अर्धा लिटर असं फेब्रुवारी ते मे पाणी दिलं तर चार महिन्यांत साधारण ३० लिटर होतं, आणि त्यातून २७ ग्रॅम क्षार कुंडीत येतात. म्हणजे चहाचे पाचेक चमचे. खालून पाणी कधीच बाहेर आलं नाही, तर ते सगळं त्या आठ-दहा लिटर मातीतच राहतं. "मी तर पाणी कमीच देत होते" असं सांगणाऱ्यांची रोपं याच वाटेने गेलेली असतात.

कुंडी आणि माती

कुंडी मातीची घ्या, भाजलेली, रंग न लावलेली, दहा ते बारा इंची. तिच्या भिंतीतून ओल बाहेर झिरपते, तिथे सुकते आणि क्षार बाहेरच्या अंगावर पांढऱ्या भुकटीसारखे फुटतात. लोक ते पाहून घाबरतात. खरं तर तेवढे क्षार मुळांपासून दूर गेलेले असतात. मऊ ब्रशने कोरडेच झाडून टाका, धुवायला गेलात तर परत आत जातील. तळाला किमान एक मोठं छिद्र हवं, त्यावर खापराचा तुकडा. कुंडीखाली ताटली ठेवू नका. ताटलीत जमलेलं पाणी हे निथळून आलेलं मिठाचं पाणी असतं, आणि माती ते परत वर ओढते. कुंडी दोन विटांवर ठेवली की काम झालं.

मातीत काळी माती घालायचीच नाही. ती पाणी धरते, फुगते, आणि त्यात सोडियम आला की तिचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात. मुळांना हवाच मिळत नाही. माझं मिश्रण ढोबळ आहे: निम्मा भाग जाडसर वाळू किंवा बारीक मुरूम, एक तृतीयांश तांबडी माती, उरलेलं जुनं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. नदीची वाळू हल्ली मिळत नाही. बांधकामाची क्रश सँड चालते, पण तिच्यात दगडाची पीठासारखी भुकटी असते. बादलीत घेऊन, वरचं गढूळ पाणी ओतून देत, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा.

कोकोपीटबद्दल सावध राहा. नारळाचा काथ्या बऱ्याचदा समुद्रालगत तयार होतो आणि त्याच्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार मुरलेले असतात. विटेवर 'लो ईसी' लिहिलेलं नसेल तर भिजवून, पिळून, मीटर लावून पाहा आणि आकडा उतरेपर्यंत पाणी बदला. या मिश्रणात तर ते नसलं तरी चालतं.

खतं म्हणजेही क्षारच. लॅव्हेंडर गरीब मातीतलं रोप आहे. १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशचं खत दर आठवड्याला घालायची सवय असेल तर इथे ती सोडा. नत्राने फुटवा लुसलुशीत येतो, त्यावर केस कमी असतात, आणि असा फुटवा पहिल्या उन्हाला मान टाकतो. पावसाळ्यानंतर एकदा मूठभर कंपोस्ट आणि फुलं यायच्या आधी एकदा पोटॅशियम सल्फेट, लिटरला एक ग्रॅम, एवढं भरपूर झालं. म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यातून क्लोराइड येतं. पाणी सोडियमचं असेल तर दहा इंची कुंडीला चमचाभर जिप्सम वरच्या मातीत मिसळा. कृषी सेवा केंद्रात ते स्वस्तात मिळतं. जिप्समचं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं. मात्र हटवलेला सोडियम पाण्याने खाली वाहून गेला पाहिजे, नाहीतर नुसतं जिप्सम टाकून उपयोग नाही. शिरोळकडच्या शेतकऱ्यांना हे कुणी सांगावं लागत नाही: आधी चर, मग जिप्सम.

पाणी कसं द्यायचं

माती वरून दोन बोटं खोल पूर्ण कोरडी होऊ द्या. बोट खुपसून पाहा, किंवा कुंडी थोडी उचलून पाहा. ओल्या आणि कोरड्या कुंडीचं वजन हाताला लवकरच कळायला लागतं. मग सकाळी, उन्हं चढायच्या आत, मातीवर सावकाश पाणी ओता. एकदा ओतून ते मुरू द्या, पाच मिनिटांनी पुन्हा ओता. फार कोरडी झालेली माती पहिलं पाणी कडेच्या भेगेतून सरळ खाली सोडते, आत भिजतच नाही, म्हणून हा दुसरा हात हवा. खालून पाणी चांगलं वाहायला लागलं की थांबा. त्यानंतर वाफसा येऊन माती पुन्हा कोरडी होईपर्यंत तिकडे बघायचं नाही.

किती वाहू द्यायचं? शेतीत यासाठी एक सूत्र आहे: पाण्याच्या ईसीला, मातीच्या चालण्याजोग्या ईसीच्या पाचपटीतून पाण्याची ईसी वजा करून येणाऱ्या आकड्याने भागायचं. पाण्याची ईसी १.४ आणि माती २ च्या आत ठेवायची, तर १.४ भागिले ८.६, म्हणजे दिलेल्या पाण्याचा सहावा हिस्सा खाली गेला पाहिजे. कुंडीत बरंच पाणी कडेने निसटतं, म्हणून मी चौथा हिस्सा धरते. दोन लिटर दिलं तर अर्धा लिटर खाली.

शिवाय उन्हाळ्यात महिन्यातून एकदा कुंडी धुऊन काढायची. शक्य तितकं गोडं पाणी घ्या. मी पावसाचं पाणी झाकणाच्या पिंपात साठवते ते यासाठीच. कुंडीतल्या मातीच्या दीडपट-दुप्पट पाणी अर्ध्या-पाऊण तासात थोडं थोडं ओता आणि खाली भांडं धरून निथळाचा टीडीएस पाहा. सुरुवातीचा आकडा दिलेल्या पाण्याच्या कितीतरी पट असतो. तो दुपटीच्या आसपास उतरला की पुरे. सावलीत, वारा लागेल अशा जागी कुंडी दोन दिवस ठेवा, म्हणजे मुळांना हवा मिळते.

पानांवर पाणी मारू नका. इतर झाडांची धूळ धुतो तशी लॅव्हेंडरची धुवायला गेलात तर केसांत थेंब अडकतो, सुकतो, क्षार तिथेच राहतात आणि क्लोराइड पानातूनही आत जातं.

मातीवर बोटभर जाडीची पांढरी बारीक खडी पसरा. पाणी वरून उडायचं कमी होतं, त्यामुळे क्षारही वर कमी येतात, आणि खोडाचा बुंधा कोरडा राहतो. पालापाचोळ्याचं आच्छादन बाकीच्या झाडांना उत्तम, पण इथे बुंध्याशी ओल धरून कुज आणतं.

पान वाचायचं कसं

तहान, मीठ आणि जास्त पाणी, तिन्हीत रोप मलूल दिसतं. फरक असा. तहानलेल्या रोपाचे कोवळे शेंडे दुपारी झुकतात आणि रात्रीतून पुन्हा उभे राहतात. रंग जास्त राखाडी होतो. खालची पानं पिवळी पडून गळतात. माती कोरडी, कुंडी हलकी. मिठाने आजारी रोपात जुन्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत होतात, नवी पानं मात्र हिरवी पण खुजी असतात. माती ओली असूनही वाढ ठप्प. जास्त पाण्याने रोप एका फांदीपासून अचानक करडं पडायला लागतं, शेंडे झुकतात ते सकाळीही उठत नाहीत, आणि बुंध्याची साल नखाने खरवडली तर आत तपकिरी-काळी दिसते. पहिल्याला पाणी, दुसऱ्याला धुणं, तिसऱ्याला कोरडी माती. तिसऱ्यात मुळं सडलेली असतील तर रोप वाचणं कठीण, निरोगी फांद्यांची कलमं लगेच करून घ्या.

मुख्य म्हणजे, मलूल रोप दिसलं की आधी मातीत बोट घाला. न बघता पाणी ओतू नका.

ऊन, पाऊस आणि जात

एप्रिल-मे मध्ये सकाळचं ऊन पुरतं. दुपारी एकनंतर ५० टक्क्यांची शेडनेट किंवा भिंतीची सावली द्या. आपल्याकडे लॅव्हेंडरची खरी परीक्षा मात्र जुलै-ऑगस्टमध्ये असते. पहिले दोन-तीन दणकट पाऊस कुंडीवर पडू द्या, वर्षभराचं मीठ ते फुकटात धुऊन नेतात. त्यानंतर कुंड्या पत्र्याच्या आडोशाला, वारा खेळेल अशा जागी हलवा. पावसाळ्याआधी रोप एक तृतीयांश छाटून आतून मोकळं करा, पण पानं नसलेल्या जून लाकडापर्यंत कापू नका, तिथून सहसा फुटत नाही.

जात निवडताना नावावर भुलू नका. तेलाचं खरं लॅव्हेंडर, लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया, थंडी मागतं. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भदरवाहला सीएसआयआरच्या अरोमा मिशनमधून मक्याच्या जागी जे लॅव्हेंडर आलं आणि ज्याला 'जांभळी क्रांती' म्हणतात, ते हेच. पुण्यात ते जगलं तरी फुलायला कुरकुरतं. इथे दातेरी पानाचं डेंटाटा सगळ्यात भरवशाचं. नेच्यासारख्या चिरलेल्या पानांचं मल्टिफिडा ऊन आणखी सोसतं. फुलाच्या टोकाला पाकळ्यांचे तुरे असलेलं स्टोइकस दिसायला फार देखणं, पण चुन्याची माती त्याला मानवत नाही, त्यामुळे जड पाण्यावर ते पिवळं पडतं. आणि हो, सह्याद्रीच्या सड्यांवर आणि डोंगरउतारांवर लॅव्हेंडरच्या आपल्या जातीही आहेत: गिब्सोनी आणि बायपिनाटा. फिरायला गेलात तर पाहा, फोटो काढा, पण उपटून आणू नका.

माझा धाकटा भाऊ मला दरवर्षी विचारतो, "अक्का, आपल्या मीठफुटीच्या पट्ट्यात हे लावू काय?" त्याला मी नाही म्हणते. लॅव्हेंडर थोडं मीठ सोसतं, क्षारपड रान सुधारत नाही, आणि पाणथळीत तर एक पावसाळा काढणार नाही. तिथे आधी सच्छिद्र पाईप घालून भूमिगत निचरा, मग धैंचा हे हिरवळीचं पीक गाडणं, हाच रस्ता. बांधावर दोन-चार रोपं हौसेने लावायची असतील तर फूटभर उंच मुरमाच्या गादीवर, उताराच्या वरच्या अंगाला लावावीत.

पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कलमं करा. फूल नसलेली, अर्धवट पक्की फांदी, बोटभर लांब, खालची पानं काढून धुतलेल्या वाळूत खोचायची आणि सावलीत ठेवायची. कोवळ्या मुळांना मीठ अजिबात झेपत नाही, म्हणून मुळं धरून दोन नव्या पानांच्या जोड्या येईपर्यंत पिंपातलं पावसाचं पाणीच द्या. बोअरचं पाणी त्यानंतर, तेही आधी निम्मं मिसळून.